बाबांच्या कानाचा साचा

१

आमच्या घरात वाईट बोलायचं असलं की हसून बोलतात.

ही रीत माझ्या बायकोनं, सारिकानं पाडली, आणि पाडली तेव्हा तिच्या मनात चांगलंच होतं. माझ्या वडिलांना ऐकू येत नाही. खामगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये त्यांचा जन्म गेला आणि तिथल्या यंत्रांच्या आवाजात कानही गेले. ऐकू येत नाही म्हणून ते चेहरे वाचतात. एकदा जेवताना सारिका माझ्यावर कशावरून तरी चिडली, तर बाबांनी हातातला घास ताटात परत ठेवला.

"काय चुकलं माह्यं, बाबू?" त्यांनी मला विचारलं, आणि त्या दिवशी ते पुन्हा जेवले नाहीत.

तेव्हा सारिका मला म्हणाली, "त्याईच्यासमोर काय बोलायचं ते बोला, पण हसून बोला. काऊन त्याईच्या जिवाले घोर?"

मला पटलं. आम्ही हसत हसत भांडायला शिकलो. आधी हसून सिलिंडरचं, मग हसून शेजाऱ्यांचं, आणि मग केव्हापासून कोण जाणे, हसून बाबांचंच. स्वयंपाकघरात खाली बसून आम्ही तिघं जेवायचो. बाबा मध्ये, एका बाजूला मी, एका बाजूला ती. "आजबी नळ उघडा ठेवला त्याईनं," सारिका हसून सांगायची. "नळ वाहून राह्यला हे त्याईले समजन कसं," मी हसून म्हणायचो. बाबा आळीपाळीनं दोघांकडे बघत. आपली माणसं खुशीत आहेत म्हणून त्यांनाही हसू यायचं, आणि मान डोलवून ते म्हणायचे, "हाव."

पुण्याला जायचं ठरायला लागलं तशी आमची जीभ जास्तच सैल सुटली. एका रविवारी वरणाची वाटी पुढे ओढत मी म्हणालो, "याईचं काही होत नाही, अन् तोवर आपलंबी काही होत नाही." चांगला तोंडभर हसून म्हणालो. सारिका हसली. बाबाही हसले.

"हाव," ते म्हणाले.

२

मी तेव्हा खामगावच्याच एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत होतो आणि कधीचा पीएच.डी.च्या मागे लागलेला होतो. माझा विषय सांगितला की लोक हवापाण्याच्या गोष्टी काढतात, पण इथे तो सांगावाच लागेल. एक नळी घ्या. तिच्या टोकाला पातळ पडदा ताणून बसवा. नळीच्या तोंडाशी आवाज केला की आतली हवा दाबली जात जात पडद्याला ढकलते. पडदा हलला की तोही हवेला उलटा ढकलतो. दोघांपैकी कोणी एकटं हलत नाही, म्हणून दोघांचं गणित एकत्रच सोडवावं लागतं. ते संगणकाकडून सोडवून घ्यायचं, हे माझं काम.

पुण्याच्या माझ्या मार्गदर्शक बाईंनी सांगितलं होतं, सरळ नळ्या पुष्कळ झाल्या, आता खऱ्या कानाची नळी घे. तो पेपर छापून आला की त्यांच्या कॉलेजात माझी जागा नक्की होती. बाबांना पुण्याला न्यायचं नाही, हे आम्ही त्यांच्याच ताटाशी बसून ठरवलं होतं. लोणार तालुक्यात सुलतानपूरला माझी आत्या, केसरबाई, एकटी राहते. तिच्या घराला लागून एक खोली आहे. दोन दिवस आत्याकडे जाऊ असं सांगून बाबांना तिथे पोचवायचं आणि परत आणायला जायचं नाही, असा बेत होता. आत्याला खरं काय ते माहीत होतं. बाबांना तेवढं माहीत नव्हतं.

खरा कान म्हणून मी बाबांचा कान घेतला. त्यांच्यासाठी ऐकायचं यंत्र घ्यायचं निमित्त केलं. बाजारात अशा यंत्रांचं दुकान आहे, तिथल्या राजकुमारनं बाबांच्या कानात गुलाबी लगदा भरला. तो घट्ट होईपर्यंत बाबा डोळे मिटून शहाण्यासारखे बसून राहिले. मग राजकुमारनं साचा अलगद ओढून काढला. बोटाच्या पेराएवढा होता, वाकडा, टोकाला चपटा.

"पडदा एकदम शाबूत आहे काकांचा," तो म्हणाला. "हालतेबी चांगला. मांगची नस गेली. आवाज पडद्यापर्यंत बराबर जाते, पण पुढं घेणारं कोणी नाही."

"मंग यंत्राचा काही उपयोग?"

"घरच्याईचं समाधान," तो म्हणाला.

मी माझ्यासाठी बाबांच्या कानाचा दुसरा साचा करून घेतला, आणि तुलनेला एक माझ्या कानाचा. घरी येताना बाबा रिक्षात माझा हात धरून बसले होते. "माह्यासाठी कायले एवढं, बाबू," असं दोनतीनदा म्हणाले. यंत्र त्यांनी थोडे दिवस घातलं, नुसती गुणगुण येते म्हणाले आणि डबीत ठेवून दिलं. मला तेव्हाच लाज वाटायला हवी होती. पण माझं सगळं लक्ष साच्यावर होतं.

३

दुपारी कॉलेजच्या प्रयोगशाळेत कोणी नसायचं. कूलरचं पाणी ठिबकत असायचं आणि खिडकीची एक काच सैल होती, ती मधूनच वाजायची. तिथे बसून मी साच्याची मापं संगणकात भरली आणि टोकाला पडदा ताणला. पडद्यामागे काहीच ठेवलं नाही. माणसाच्या कानात तिथे बारीक हाडं असतात, नस असते. मी ती जागा रिकामी सोडली. बाबांच्या बाबतीत हे खोटंही नाही, असा एक विनोदही मनातल्या मनात केला.

मग नळीच्या तोंडाशी एक टिचकी दिली. अर्थात संगणकातली. स्क्रीनवर दोन रेघा उमटतात, वरची नळीच्या तोंडाची आणि खालची पडद्याची. टिचकीला तोंडापासून टोकापर्यंत पोचायला जरा वेळ लागतो, तोवर खालची रेघ सरळ असायला हवी.

ती सरळ नव्हती. टिचकी निघायच्या आधीच पडदा थरथरत होता.

असल्या चुका माझ्या पाचवीला पुजलेल्या आहेत. कुठे चिन्ह उलटं पडतं, कुठे एखादं माप चुकतं. पण गणित चुकलं की ते फुगत जातं आणि बघता बघता सगळे आकडे उधळतात. हे फुगत नव्हतं. पडदा थोडा थरथरायचा, थांबायचा, पुन्हा थरथरायचा. मध्ये थांबून दम घेणारी चूक मी कधी पाहिली नव्हती. काच वाजली तेव्हा मी दचकलो आणि मलाच माझं हसू आलं.

४

मग मी टिचकी काढूनच टाकली. आत काहीच सोडायचं नाही, शून्य. खोलीतल्या शांततेत निदान कूलर असतो, रस्त्यावरची मोटारसायकल असते. संगणकातलं शून्य म्हणजे खरंखुरं शून्य. त्यातून शून्यच बाहेर यायला हवं.

पडदा हललाच. तो हलला म्हणून नळीतली हवा हलली, आणि एक लाट टोकाकडून तोंडाकडे चालत आली. म्हणजे कानातून आवाज बाहेर येत होता.

बाबांचा साचा काढून मी माझ्या कानाचा साचा घातला. शून्य दिलं, शून्य आलं. दोन्ही रेघा दोरी ताणल्यासारख्या सरळ. पुन्हा बाबांचा घातला आणि खालची रेघ पुन्हा थरथरली. सगळा प्रोग्राम पुसून कोऱ्यापासून लिहिला. तरी तेच. पडद्यामागे मी काही ठेवलं नव्हतं आणि मागून कोणीतरी त्याला ढकलत होतं, एवढंच आकडे सांगत होते.

बाईंचा फोन आला तेव्हा मी म्हणालो, किरकोळ चूक आहे, सापडेल. मी फोनवरही हसून बोललो.

५

नळीच्या तोंडाशी जो दाब येतो त्याचा आवाज करून ऐकता येतो. हे मला पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. सुचलं होतं, पण मी टाळत होतो. शेवटी एका सकाळी संगणकाला कामाला लावून तासांवर गेलो आणि दुपारी परत येऊन हेडफोन चढवला.

आधी नुसती घरघर होती. जरा वेळानं ती ओळखू आली. शाळेत असताना बाबांचा डबा घेऊन मी जिनिंगच्या फाटकापर्यंत जायचो, तिथे अंगात शिरायची ती घरघर. एखादी चूकही यंत्रासारखी घरघरू शकते, असं मी स्वतःला समजावत होतो, तोच ती बंद पडली आणि फरशीवरून स्टीलचं ताट सरकलं. नळाचं पाणी. मग सारिकाचा आवाज.

"आजबी नळ उघडा ठेवला त्याईनं."

हसून बोललेलं नुसतं ऐकलं तरी कळतं. ओठ ताणलेले असतात, त्यानं शब्द पसरट होतात. तिच्यानंतर मी आलो, तसाच पसरट. एकामागून एक सगळं आलं. रात्रीचं खोकणं, लाइट, सुलतानपूरची खोली, पुण्याचं घर. मग वरणाची वाटी सरकली आणि मी म्हणालो, "याईचं काही होत नाही, अन् तोवर आपलंबी काही होत नाही." कोणीतरी खिदळलं. ती सारिका होती की मी, ते मला सांगता येणार नाही.

"हाव," बाबा म्हणाले.

इथवर मी काहीतरी कारण शोधत होतो. पडदा हलत होता हे राजकुमारनंच सांगितलं होतं. आमचा शब्दन् शब्द त्या पडद्यावर आपटला होता. लगद्यात त्याचा ठसा उमटला असेल, असला वेडगळ विचारही मी शिकलासवरलेला माणूस करत होतो.

पण नळीतून आलेल्या आवाजाला नळीचा एक रंग चढतो. तो ओळखण्यातच माझी इतकी वर्षं गेली आहेत. त्या "हाव"नंतर जे आलं त्याला तो रंग नव्हता. ते नळीतून आलंच नव्हतं. पडद्याला पलीकडून तोंड लावून कोणी बोलावं, तसं अगदी हळू आलं.

"जाईन ना बाबू. जाईन."

मी हेडफोन काढला आणि दाराकडे बघितलं. कोणी नव्हतं. भीती वाटली हे खरं, पण आधी लाज वाटली. माझे कान तापले, गाल तापले. दुसऱ्याच्या खिशात हात घालताना पकडला गेलेला माणूस जसा उभा राहतो तसा मी त्या रिकाम्या खोलीत उभा राहिलो.

६

घरी आलो तेव्हा बाबा खिडकीशी बसून तूरडाळीतले खडे निवडत होते. माझ्याकडे पाठ होती. मी मागे उभा राहिलो.

"बाबा," मी म्हणालो.

ते निवडत राहिले. मी मोठ्यानं हाक मारली. मग डब्याचं झाकण फरशीवर टाकलं. ते गरगर फिरत मोठा आवाज करून निपचित झालं. बाबांचं बोट डाळीतून फिरतच होतं. माझा जीव भांड्यात पडला, आणि जीव भांड्यात पडला याची पुन्हा लाज वाटली.

जेवताना मला हसता येईना. बाबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, दोनदा पाहिलं आणि घास खाली ठेवला.

"काय चुकलं माह्यं, बाबू?"

मी घाईघाईनं हसलो. काही नाही, असा हात हलवला. त्यांनी घास उचलला. मग मी हसतच सारिकाकडे वळलो.

"त्याईले आयकू येते," मी म्हणालो.

सारिकाचं हसू जागेवरच राहिलं, पण पोळी वाढणारा हात थांबला. "काहीबी बोलून राह्यले तुमी," ती हसून म्हणाली.

"सगळं आयकू येते. पह्यल्यापासून."

"चूप बसा," ती हसून म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांना हसू आलं.

"हाव," ते म्हणाले.

कोणीही म्हणेल, मग त्यांचे पाय धरायचे, माफी मागायची, पुण्याला घेऊन जायचं. मीही आधी तसंच ठरवलं होतं. पण त्यांच्यासमोर ताट घेऊन बसवेना. त्यांच्या चपलांचा आवाज आला की मी बाथरूममध्ये शिरायचो. ज्यानं सगळं ऐकलंय त्याच्या नजरेला नजर कशी द्यायची? त्यांनी मला ओरडावं, शिवी द्यावी, म्हणून मी वाट बघायचो, आणि ते माझ्या ताटात स्वतःच्या वाटचं लोणचं ठेवायचे. पेपर अजून पुरा व्हायचा होता, पुण्याला जायला अवकाश होता. तरी सुलतानपूरला जायचं मी अलीकडे ओढलं. सारिकानं का म्हणून विचारलं नाही. तिनं बाबांचे कपडे धुऊन इस्त्री करून ठेवले.

निघायच्या आदल्या दुपारी मी तो आवाज एकदाच शेवटपर्यंत ऐकला. ताटं संपली. मग गाडीच्या इंजिनाची धडधड आली आणि त्यात माझा आवाज, मोठ्यानं, एकेक शब्द तोडून.

"दोन दिवसानं येतो, बाबा, न्यायले."

हे मी अजून म्हटलंच नव्हतं. म्हणायचं ठरवलं होतं. सारिकाशी जेवताना कधी बोललोही असेन. असेनच, अशी मी स्वतःची समजूत घातली. त्या वाक्याला पडद्यामागून उत्तर आलं नाही. पुढे फक्त इंजिन होतं.

७

सकाळच्या एसटीनं मेहकर आणि तिथून दुसऱ्या गाडीनं सुलतानपूर. बाबा खिडकीशी बसले होते. त्यांची पिशवी मी उचलली तेव्हा ती भलतीच जड लागली. वर दोन सदरे होते, त्यांच्या खाली हिवाळ्याचा स्वेटर, आणि टॉवेलात गुंडाळलेला आईचा फोटो. उन्हाळ्यात, दोन दिवसांसाठी. मी पिशवीचे बंद पुन्हा ओढून घेतले आणि काही विचारलं नाही.

"आलास का दादा," आत्या अंगणातूनच म्हणाली. "किती वाळलास रे." ती माझ्याकडे फारसं बघत नव्हती. खोली तिनं शेणानं सारवून ठेवली होती, एक खाट, एक माठ. बाबांनी भिंतीवरचा खिळा चाचपून पाहिला आणि आईचा फोटो तिथे लावून टाकला. बेत आमचा होता, आणि ते तो आमच्या आधीच उरकत होते.

दोघं मला फाट्यापर्यंत सोडायला आले. परतीची गाडी उभीच होती, ड्रायव्हरनं इंजिन चालू ठेवलं होतं. मी दारातल्या पायरीवर एक पाय ठेवला, बाबांकडे वळलो आणि ओठ रुंद करून, दोन बोटं दाखवत, हसून म्हणालो, "दोन दिवसानं येतो, बाबा, न्यायले."

बाबांचे ओठ हलत होते. बहिरी माणसं कधी कधी समोरच्याचे शब्द ओठांनी गिरवतात, ते मला माहीत आहे. पण गिरवणारा मागून येतो. बाबा माझ्या पुढे होते. माझ्या तोंडातून "येतो" निघायच्या आत त्यांच्या ओठांवरून "न्यायले" होऊन गेलं होतं.

आणि ते हसत होते. ते हसू मी ओळखलं. ते आमच्या घरचं होतं.

कंडक्टरनं दोरी ओढली. गाडी हलली. बाबांनी माझ्यावरची नजर न काढता, तसंच हसत, बाजूला उभ्या आत्याला काहीतरी सांगितलं. चांगलं लांबलचक वाक्य होतं. आत्यानं माझ्याकडे पाहिलं आणि तीही हसली. इंजिनाच्या आवाजात मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

मी खिडकीतून हसून मान डोलावली.

८

आम्ही पुण्यात आहोत. बाबांच्या कानाचा साचा मी सुलतानपूरहून परत आल्यावर पुन्हा लावून पाहिला होता. शून्य दिलं, शून्य आलं. रेघ इतकी सरळ होती की मी आत्याला फोन केला. बाबा बरे आहेत, जेवतात, हसतमुख असतात, ती म्हणाली. "तुझीच गोष्ट काढतो रोज," ती म्हणाली. काय म्हणतात, हे मी विचारलं नाही. न्यायलाही गेलेलो नाही. रोज जायचं ठरवतो, आणि त्यांचं ते हसू आठवलं की कानकोंडा होऊन घरातच बसतो.

पेपर सरळ रेघेवर छापून आला. पण बाईंना तुलनेचे आकडे पुन्हा हवे होते, म्हणून परवा मी माझ्या कानाचा साचा काढला. आत शून्य सोडलं आणि चहा घेऊन आलो.

खालची रेघ थरथरत होती. थोडी थरथरायची, थांबायची, पुन्हा थरथरायची. हेडफोन टेबलावरच पडलेला आहे. मी तो अजून घातलेला नाही.

इथेही आम्ही स्वयंपाकघरात खालीच बसून जेवतो. मध्ये एक जागा मोकळी राहते, सवयीनं. बाबा नाहीत, तेव्हा आता हसून बोलायचं काही कारण उरलेलं नाही. पण तोंडाला लागलेलं वळण जात नाही. काल रात्री मी घास घेत होतो, नळ वाहत होता, आणि सारिका माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली. छान हसून म्हणाली. नळामुळे मला नीट ऐकू आलं नाही.

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मलाही हसू आलं.

"हाव," मी म्हणालो.